राष्ट्रीय उत्पन्नात किंचित घट

देशाचं राष्ट्रीय उत्पन्न कमी करायचं, असं मी एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं. ज्या बाईने उभा जन्म देशाचं उत्पन्न कशाने वाढतं याचा छडा लावण्यात घालवला, तिने असं काही ठरवावं म्हणजे कमालच झाली. पण ठरवलं खरं. आरशात पाहिलं तर तोंडभर फेस आणि त्यातून बाहेर येऊ बघणारं हसू. या वयात हे शोभतं का, असं मी स्वतःला विचारलं. शोभत नसेल तर गेलं उडत, असं उत्तरही मीच दिलं आणि चूळ भरली.

नीट सांगते. मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे काय ते पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावताना एक उदाहरण दरवर्षी देते. एका गृहस्थाने पगार देऊन घरी स्वयंपाकीण ठेवली आहे. तिचा पगार देशाच्या उत्पन्नात धरला जातो. पुढे गृहस्थ तिच्याशीच लग्न करतो. ती तोच स्वयंपाक करते, तो तेवढाच जेवतो, पण आता पगार नाही म्हणून ते काम मोजणीत नाही. दोघांनी लग्न केलं आणि देशाचं उत्पन्न घटलं! वर्ग खो खो हसतो. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास “बिचारी” म्हणतं. मग मी म्हणते, मोजणीला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते विसरू नका, आणि पुढच्या पानावर जाते. हे पान कधी माझ्यावरच उलटेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आता माझ्याकडे स्वयंपाकाला कोणी नाही. जे काही करपतं ते मी स्वतःच करपवते. मी पैसे देते ते माझ्या प्रूफरीडरना. माझं लिखाण छापायला जाण्याआधी ते शब्द न् शब्द तपासतात, आणि मी त्यांना पानामागे ठरलेले पैसे देते. त्यांना मी लालपेन्सिल म्हणते. तोंडावर नाही, तोंडावर “अहो” म्हणते.

त्यांची माझी पहिली भेट भांडणातच झाली. मी तेव्हा नवी नवी नोकरीला लागलेली, डोक्यात हवा भरलेली. माझा पहिलावहिला निबंध विद्यापीठाच्या छापखान्यातून परत आला तो लाल खुणांनी नुसता रक्तबंबाळ. आणि एका लांबलचक वाक्याशेजारी समासात लिहिलेलं, ‘क्रियापद कुठे आहे?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच छापखान्यात गेले आणि हा शहाणा कोण म्हणून विचारलं. शाईच्या वासाच्या त्या खोलीत एक किडकिडीत माणूस खिडकीशी बसला होता. त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि शांतपणे म्हणाला की बाई, तुम्ही फार हुशार आहात, पण वाक्य सुरू करून तुम्ही कुठेतरी निघून जाता, वाचणाऱ्याने किती वेळ वाट बघायची? मी निबंध उचलला आणि तणतणत बाहेर पडले. घरी येऊन सगळा निबंध पुन्हा लिहिला. तो गाजला. माझी पहिली बढती त्यावर झाली.

तेव्हापासून माझी एकही ओळ त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय छापली गेली नाही. पुढे छापखाना बंद पडला, तर ते घरी येऊन काम करू लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बेल वाजायची. पायपुसण्यावर पाय पुसायला ते इतका वेळ लावायचे की तेवढ्यात माझा चहा उकळायचा. मग जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, मधे कागद आणि चहा. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. त्यातलं निम्मं स्वल्पविरामांबद्दल.

आणि मी लिहीत काय होते? शेष. आमच्या शास्त्रात त्याला तेच म्हणतात. देशाचं उत्पन्न वाढलं की बघायचं, त्यातलं यंत्रं आणि कारखाने वाढल्यामुळे किती, माणसं जास्त तास राबली म्हणून किती. दोन्ही वजा केलं तरी काहीतरी उरतंच. तीच माणसं, तीच यंत्रं, तरी काम जास्त निघतं, ते कशामुळे हे कोणाला धड सांगता येत नाही. मी तरुणपणी त्या शेषाच्या हात धुऊन मागे लागले. त्यातून शिक्षण वजा केलं, वीज वजा केली, चांगले रस्ते वजा केले, वेळेवर उघडणारी कचेऱ्यांची दारंसुद्धा वजा केली. परिषदा झाल्या, समित्या झाल्या, मानाची शाल तेवढी राहिली म्हणा, पण बाकी सगळं झालं. शेष मात्र शून्य होईना. मुलं मला पाठीमागे शेषबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि आवडतं.

आमचे विभागप्रमुख पडले यंत्रवाले. देशाची भरभराट यंत्रांनीच होते, बाकी सगळ्या बायकी कल्पना, असं ते मानतात. त्यांच्याशी भांडता भांडता माझे केस पिकले. निवृत्तीआधी त्यांच्या नाकावर टिच्चून एक जाडजूड पुस्तक लिहायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं. तेच पुस्तक लालपेन्सिल गेलं वर्षभर तपासत होते.

आणि ते संपत आलं.

संपत आलं तशी मी उरलेली पानं मोजायला लागले. शेवटचं पुस्तक, शेवटचं प्रकरण, पुढे काय? पुढे मी काही लिहिणार नाही, म्हणजे तपासायला काही नाही, म्हणजे मंगळवारी बेल वाजणार नाही. शुक्रवारीही नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि हातातली सुरी खाली ठेवून खुर्चीवर बसलेच. एवढ्या मोठ्या देशाचा हिशेब मांडणारी मी, आणि माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते मला इतक्या उशिरा कळावं? मला त्या माणसावाचून करमत नव्हतं. साधी गोष्ट होती. मला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू, आणि ते थांबेचना.

मग मी काय केलं, तर पुस्तकाला परिशिष्टं जोडायला सुरुवात केली. आधी परिशिष्ट क, गिरण्यांच्या आकडेवारीचं. मग ख. मग ग, ज्याची जगात कोणालाही गरज नव्हती. उत्पादकतेवर व्याख्यानं झोडणारी बाई दिवसाकाठी अर्धं पान लिहायची आणि गाणी म्हणायची. माझी स्वतःची उत्पादकता पार रसातळाला गेली होती आणि मी हवेत तरंगत होते.

गंमत म्हणजे त्यांचाही वेग घसरला. एका बैठकीत प्रकरणच्या प्रकरण हातावेगळं करणारा माणूस आता चार-पाच पानांवर अडायला लागला. एकच ओळ बोटाने धरून बसायचे. मी लगेच माझ्या पद्धतीने विचार केला. तेच टेबल, तीच पेन्सिल, तेवढेच तास, तरी काम कमी. म्हणजे कारण एकच, डोळे. वय झालं की होणारच. मला इतकं वाईट वाटलं की मी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन वाचायचा एक उत्तम दिवा आणला, मान वळवता येणारा, आणि त्यांच्या टोकाला लावून दिला. भांडवली गुंतवणूक! ते दिव्याकडे बघत राहिले, आभार मानले, आणि त्या दिवशी दोनच पानं झाली. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्तासुद्धा देऊन टाकला.

आता माझ्या भाचीबद्दल सांगायला हवं. माझ्या भावाची मुलगी. दातांची डॉक्टर आहे, माझ्याच घरी खालच्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे आणि वर माझ्या डोक्यावर ती राहते. लोकांच्या तोंडात बघून बघून तिला सवय लागली आहे, कोणाचंही तोंड उघडून आत काय सडलंय ते बघायचं. तिने एका संध्याकाळी परिशिष्ट घ वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की आत्या, हे पुस्तक तू लिहितेयस की विणतेयस. मी सारवासारव केली. ती म्हणाली, त्यांना सांगून टाक, नाहीतर परिशिष्टं ज्ञ पर्यंत जातील आणि प्रकाशक पळून जाईल. एवढं बोलून ती खाली दात काढायला गेली.

तर त्या मंगळवारी फेसाळ तोंडाने मी ठरवलं की आज सांगायचं. पण कसं? प्रेम वगैरे शब्द माझ्या तोंडातून या जन्मात निघायचे नाहीत. मग मला ते उदाहरण आठवलं आणि माझी मीच टाळी वाजवली. माझ्या पाठ्यपुस्तकात ते छापलेलं आहे, आणि त्याची प्रत्येक आवृत्ती त्यांनीच तपासलेली आहे. गृहस्थ, स्वयंपाकीण, पगार बंद, लग्न. त्यांना फक्त धागा दाखवायचा, बाकीचं ते आपोआप ओळखतील. इतकी नाजूक, इतकी बुद्धिमान मागणी जगात कोणी घातली नसेल, असं मला वाटत होतं.

बेल वाजली. पाय पुसून झाले. चहा झाला. ते दिवा लावून बसले. मी घसा साफ केला आणि म्हणाले,

“अहो, पुढच्या महिन्यापासून तुम्हाला पैसे देणं बंद करावं, असं माझ्या मनात आहे.”

आणि त्यांच्याकडे बघून अशी हसले की काय सांगू.

त्यांनी दिवा बंद केला. मग चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. म्हणाले, याचा मला अंदाज आला होता. कागद सारखे केले, कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला, दारात क्षणभर थांबले, माझ्याकडे बघून मान लववली आणि गेले. मला वाटलं, लाजले. किती लाजले! आणि टेबलावर पाहते तर त्यांची लाल पेन्सिल तशीच. इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी मागे ठेवली नव्हती. कारागीर आपलं हत्यार ठेवून जातो तेव्हा तो परत येणार असतो, हे कळायला पदवी लागत नाही. मी ती पेन्सिल उचलून गालाला लावली. हो, लावली. लागलं तर हसा.

तो उरलेला दिवस मी जमिनीवर नव्हतेच. विद्यापीठात जाताना वाटेत थांबून चक्क पिवळे बूट घेतले. व्याख्यानात फळ्यावर उत्पन्नाची रेघ काढली ती वर जाता जाता फळा सोडून भिंतीवर गेली. विभागप्रमुख जिन्यात भेटले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, काहीही म्हणा, शेवटी सगळं यंत्रांमुळेच होतं. मी म्हटलं, अगदी खरं आहे. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बरं आहे ना, ताप वगैरे नाही ना, बसता का जरा, असं विचारत ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

घरी आले तेव्हा भाची दोन रोगी आटोपून चहाला वर आली होती. मी पिवळे बूट तिच्यापुढे नाचवत सांगितलं की झालं, त्यांनी होकार दिला. तिने मला मिठी मारली. मग खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, आता सगळं पहिल्यापासून सांग, तू काय म्हणालीस, शब्द न् शब्द. मी सांगितलं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो हळूहळू खाली आला.

“आत्या,” ती म्हणाली, “तू त्यांना कामावरून काढलंस.”

मी तिला उदाहरण समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, उदाहरण मला माहीत आहे, लहानपणापासून ऐकतेय, पण तू मधला भाग गाळलास. लग्नाचा. मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. तिला तर तशा तोंडाची सवयच. दिवा, डोळ्यांचा डॉक्टर, आणि वर पैसे बंद! त्या माणसाने काय समजायचं? तुमचे डोळे गेले, तुमचा वेग गेला, आता तुम्हीही जा, हेच ना? आणि मी वर हसले. दात काढून हसले. माझ्या डोळ्यांपुढे ती मान लववणं आलं आणि मी जी उठले ती पर्ससुद्धा न घेता जिना उतरले.

त्यांचं घर मला पत्ता म्हणून ठाऊक होतं, गेले कधीच नव्हते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. नवे बूट चावत होते, जिना उभा होता, माझे गुडघे मला शिव्या घालत होते. दार उघडंच होतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात, आणि ते ती निळ्या पेनाने तपासत होते. शेजारी घरी वाचायला नेलेलं माझं उरलेलं हस्तलिखित नीट दोरी बांधून ठेवलेलं, परत पाठवायला.

ते उठले. स्टूल पुढे केलं, अगदी छापखान्यात केलं होतं तसं. मी बसले नाही. धापा टाकत बोलायला लागले आणि पुन्हा तेच. म्हटलं, पैसे बंद केल्याने राष्ट्रीय उत्पन्न घटतं हे खरं असलं तरी मुळात जे काम मोजणीत येत नाही ते नसतं असं नाही, आणि अशा परिस्थितीत जर दोन व्यक्तींनी, म्हणजे एका विशिष्ट घरात, समजा टेबल एकच असेल तर…

ते ऐकत उभे होते. हात वर करून त्यांनी मला थांबवलं.

“बाई,” ते म्हणाले, “क्रियापद कुठे आहे?”

मी श्वास घेतला. खाली दुकानात कोणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, त्याची टिकटिक वर येत होती.

“मला तुमच्याशी लग्न करायचं आहे,” मी म्हटलं.

एवढं लहान वाक्य मी उभ्या हयातीत बोलले नव्हते. त्यात खोडायला काही नव्हतं. ते पाठमोरे होऊन खिडकीतून बाहेर बघायला लागले, आणि मला वाटलं, संपलं, तोंडघशी पडलीस बये. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. माणूस हसत होता. हसता हसता त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले, आणि मला विचारलं की परिशिष्टं ग आणि घ कशासाठी होती, ते त्यांना महिनाभर कळत नव्हतं. कशासाठीच नव्हतं, मी कबूल केलं. ख सुद्धा? ख सुद्धा, आणि मनात च पण तयार होतं.

“आणि तुमचे डोळे?” मी विचारलं.

“उत्तम आहेत. तुम्ही दिलेल्या डॉक्टरनेच सांगितलं. मी मुद्दाम हळू वाचत होतो. पुस्तक संपलं असतं ना.”

अगं बाई! म्हणजे टेबलाच्या या टोकाला मी पाट्या टाकत होते आणि त्या टोकाला ते. तीच माणसं, तेवढेच तास, वर नवा कोरा दिवा, आणि तरी काम कमी कमी होत गेलं, त्याचं कारण माझ्या समोर बसून चहा पीत होतं. आणि मी त्याला चष्म्याचा नंबर शोधत होते! मी त्या स्टुलावर बसले आणि इतकी हसले की खालचा सायकलवाला वर डोकावून गेला.

मग त्यांनी हस्तलिखिताची दोरी सोडली. म्हणाले, शेवटच्या प्रकरणात अजून पुष्कळ घोळ आहेत, ते तसंच सोडता येणार नाही. पैसे नकोत, पण घोळ काढायलाच हवेत. खिसा चाचपला आणि माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“माझी पेन्सिल तुम्ही परत द्यायला याल, असं वाटलं होतं मला. म्हणून ठेवून आलो होतो.”

मी पर्सच आणली नव्हती, तर पेन्सिल कुठून आणणार? ती टेबलावरच राहिली, मी म्हटलं, तुमच्या टोकाला.

“मग आता घरी यावंच लागणार,” ते म्हणाले, आणि दाराला कुलूप घालायला किल्ली शोधू लागले.